शीड आधी, होडी मागून

भिवंडीतल्या आमच्या कामतघरच्या नाक्यावर सध्या एक फ्लेक्स लागलाय. त्यात गजानन भोईर, म्हणजे आमचा गजा, शिडाच्या होडीत उभा आहे. एक हात सुकाणूवर, मागे निळाशार समुद्र, वर पांढरे पक्षी आणि खाली जाड अक्षरांत ‘दर्याचा राजा हरपला’. त्याखाली शोकाकुल म्हणून गॉगल लावलेल्या तरुणांचे फोटो. रोज सकाळी दूध आणायला मी त्याच्याखालून जातो आणि रोज माझं डोकं फिरतं. त्यातला समुद्र खोटा आहे, पक्षी खोटे आहेत आणि गजाच्या चेहऱ्यावरचं ते हसू माझ्या मुलीच्या लग्नातल्या फोटोतून कापून आणलेलं आहे. गजा उभ्या आयुष्यात एकदाच शिडाच्या होडीतून पाण्यात गेला. किती लांब गेला, ते मी काठावरून पाहिलंय.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असं आमची ही म्हणते. बोलतो ना. आधी खरं बोलून घेतो.

गजा आणि मी एका वर्गात होतो. माझे वडील नगरपालिकेत कारकून, त्याच्या वडिलांनी खाडीकाठचं गाव सोडून कामतघरात लूम, म्हणजे यंत्रमाग, टाकलेले. शाळा सुटली तसा तो कारखान्यात बसला आणि मी पुढे शिकून शिक्षक झालो. आमच्या घरांमध्ये एकच भिंत. मी नोकरीला लागलो त्या दिवसापासून तो मला मास्तर म्हणायला लागला. त्यात मान किती आणि खिजवणं किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे तो ओरडूनच बोलायचा. कानात सांगायची गोष्टसुद्धा ओरडून सांगायचा आणि वर म्हणायचा, “कुनाला सांगू नको.”

बिडी-सिगारेट कधी ओढली नाही, पण खिशात काडेपेटी कायम. कुणी नवीन कपडा घालून आला की हा त्याच्या टोकाचा एक धागा ओढायचा, काडी लावायचा आणि नाकाशी न्यायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा काळा मणी होतो. हे ज्ञान त्याला जगाला वाटल्याशिवाय चैन पडायची नाही. माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी अस्सल रेशमी म्हणून शालू आणला, तेव्हा या माणसाने भर मांडवात पदराचा धागा ओढला आणि जाळला. मणी झाला. “पॉलिस्टर हाय, मास्तर!” तो आनंदाने ओरडला. “झकास हाय! पोरीची पोरगी नेसंल, तरी काय व्हायचं न्हाय त्याला!” व्याह्यांचं तोंड पडलं. आमच्या हिने पुढे वर्षभर त्याला चहा विचारला नाही. गजाला मात्र आपलं काय चुकलं ते कळेचना, कारण त्याच्या दृष्टीने तो शालूचं कौतुक करत होता.

पॉलिस्टरवर त्याची अशी भक्ती का होती, तेही सांगितलं पाहिजे. भिवंडीत सुती कापड परवडेनासं झालं, गल्लीगल्लीतले लूम भंगारात जायला लागले, तेव्हा गजाने सगळ्यांच्या आधी सूत बदललं. सगळे हसले. धाकटा भाऊ पांडुरंग तर भांडून वेगळा झाला. बापाने सुती विणलं, मी पण सुतीच विणणार, म्हणाला. थोड्याच काळात पांडूचे लूम घणाने फोडून किलोवर गेले. गजाने त्याला आपल्या कारखान्यात ठेवून घेतलं. लोकांनी वाहवा केली. पण पांडू ड्युटीवर आला की गजा रोज कामगारांसमोर विचारायचा, “काय पांडुशेठ, आज सुती लावायचं का?” पांडू खाली बघून हसायचा. ते हसू मला बघवत नसे. गजा आयुष्यात एकदाच सगळ्या गावाच्या विरुद्ध गेला आणि बरोबर ठरला. असा माणूस त्यानंतर कुणाचं ऐकत नाही. गजाने ऐकलं नाही.

होडीचं खूळ त्याच्या डोक्यात साठीच्या आसपास शिरलं. खाडीकाठी त्यांची वडिलोपार्जित जागा होती, गजाच्या नावावर. त्याचा आजा तिथूनच शिडाच्या होडीने मुंबईला गवत आणि कौलं न्यायचा. आता तिथे आजूबाजूला सगळी गोडाऊन. गजाचा मुलगा निलेश याचाही गोडाऊन भाड्याने लावून द्यायचा धंदा, त्यामुळे ती मोकळी जागा त्याच्या डोळ्यात खुपायची. एक दिवस बापाला घेऊन तो मोजणीला गेला. मोजणी राहिली बाजूला, गजाला तिवरांच्या झुडपांतल्या चिखलात एक जुनी होडी उपडी पडलेली दिसली. मालकाने इंजिनची होडी घेतली होती आणि ही फोडून जळणाला द्यायची होती. गजाने नारळ घेताना वाजवतात तशी बोटाने ती वाजवली आणि म्हणाला, “पक्की हाय.” आतून बघितली नाही, उलटून बघितली नाही. त्याच दिवशी ट्रॅक्टरला बांधून ओढत जागेवर आणली आणि वर पत्रे टाकले.

मला हौसेने दाखवायला नेलं. मी विचारलं, “गजा, तुला पोहता तरी येतं का?”

“तरंगायला होडीला पायजे मास्तर, मी कशाला?”

इतर कोणी आधी होडीचा तळ दुरुस्त केला असता. गजाने आधी शीड केलं. स्वतःच्या लूमवर, दुहेरी सूत लावून, पांढरंशुभ्र पॉलिस्टरचं. कारखान्यातले कामगार आपसात म्हणायचे, सेठ किसका तंबू बना रहा है. शीड तयार झालं तेव्हा होडीला डोलकाठीसुद्धा नव्हती. मग ते तपासायला त्याने घराच्या गच्चीवर बांबू उभा केला आणि दोराचं टोक पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधलं. मे महिन्यातला दुपारचा वारा. शीड असं काही फुगलं की पाइप मुळापासून उपटून निघाला. टाकीतलं पाणी भिंतीवरून आमच्या जिन्यात, जिन्यातून स्वयंपाकघरात. मी तावातावाने वर गेलो, तर हा भिजलेला माणूस दोराला लोंबकळत मला म्हणतो कसा, “बगलंस? कवरा जोर हाय!” मी बोलायला आलो होतो ते विसरलो. खरं सांगतो, ते शीड देखणं होतं.

त्याच्या पुढच्या शिमग्याला सगळं घर गावी जमलेलं असताना निलेशने जागेचा विषय काढला. “अप्पा, आजूबाजूला सगल्यांची गोडाऊन उभी राह्यली. आपल्याच जागंत एक फुटकी होडी.” पोरगं उद्धटपणे बोललं नव्हतं. पण चार पाहुण्यांसमोर ‘फुटकी’ हा शब्द गजाला लागला. तो ओरडला, आणि या वेळी मुद्दाम ओरडला, “नारली पुनवेला शिडावर खाडी वलांडून परत येतो. आलो तर या जागेचं नाव काढायचं न्हाय, माझ्या मागारी पन न्हाय. न्हाय आलो, तर तू बोलशील तिथं सही.” निलेशने लगेच वाकून बापाच्या पायाला हात लावला. सगळ्यांना वाटलं, काय संस्कार आहेत. मला वाटलं, सौदा पक्का झाला.

तेव्हापासून नारळी पौर्णिमेपर्यंत गजाने कारखाना पांडूवर सोडला आणि होडीला वाहून घेतलं. कुजलेल्या फळ्या काढून सागाच्या नव्या बसवल्या. सुतार असायचा, पण हा त्याच्या हातातून रंधा काढून घ्यायचा. मी अधूनमधून जाऊन बसायचो. शीड कसं हाकायचं ते याला येत नव्हतं आणि शिकवायला शिडावर चालवणारं कोणी गावात उरलं नव्हतं. मग हा कोरड्या जमिनीवर होडीत बसून सराव करायचा. सुनंदावहिनी जेवणाचा डबा घेऊन यायच्या, की त्यांना सुकाणूवर बसवायचा आणि स्वतः दोर धरून ओरडायचा, “सुनंदा, डावीकडं! डावीकडं घे, आपटू आपन!” वहिनी सुकाणूचा दांडा काखेत धरून मेथी निवडत असायच्या. “घेतली डावीकडं,” म्हणायच्या. “आथा जेवायला कुठं लागते होडी, ते सांगा.” गजा हसायचा. मी त्याला तसा हसताना फार वेळा पाहिलेला नाही. दिघाशीची ही बाई, माहेरी खाडी नाही, समुद्र नाही. पण नवऱ्याची होडी बुडाली तर त्याची जागा जाणार, आणि जागा गेली तर माणूस घरात भिंतीकडे बघत बसणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं. एकदा मला हळूच म्हणाली, “भाऊजी, तुमी तरी सांगा त्यांना, पांडूभावजींचं ऐका म्हनून.” मी सांगितलं. काय उपयोग झाला असेल, ते कळेलच.

पांडूचं म्हणणं काय होतं, तर फळ्यांमधल्या फटींचं. लाकडी होडीच्या फटींत कापूस ठोकून भरतात आणि वरून राळ लावतात. गजाने त्यासाठी आपल्या कारखान्यातला पॉलिस्टर धाग्याचा कचरा गोणीने आणून ठेवला होता. पांडू ड्युटी संपवून आला होता. त्याने गोणीत हात घातला आणि तसाच उभा राहिला.

“दादा, यात सुतीच लागतं. आजा कापूसच भरायचा. पान्यात फुगतो, फट आवलून धरतो.”

“सुती?” गजा म्हणाला. “सुती करून तुझं काय झालं, बगलंस ना? कापूस सडतो. पॉलिस्टर सडत न्हाय.”

“सडत न्हाय. पन फुगत पन न्हाय.”

“तू मना सूत शिकवतंस?”

पांडूने गोणीतून हात काढून घेतला. पण तो पुरता गप्प राहिला नाही, हे मला त्याच्याबद्दल सांगायचंच आहे. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “मंग निदान थोरे दिस खाडीत तरी ठेव. लाकूड भिजूंदे, कुठं गलतं ते कलंल.”

“पुनवेचा नारल पडल्याबिगर होडी पान्याला लावायची न्हाय.”

हा नियम पावसाळ्यानंतर समुद्रात मासेमारीला जाणाऱ्यांचा. होडी काठाशी भिजत ठेवायला तो कुणी लावत नाही. पाण्यात जन्मलेली माणसं नियम कुठे सोडायचा ते जाणतात. गजाने रीतभात म्हातारपणी, चार जणांना विचारून जमवलेली, म्हणून तो तिच्यात तसूभर हलायला तयार नव्हता. पांडू गेल्यावर तो मोगरी घेऊन बसला आणि धागा ठोकायला लागला. काम अतिशय सुबक. एकेक फट अशी बुजवली की नख शिरू नये. वर राळ, वर लांबी, म्हणजे पुट्टी, वर निळा ऑइलपेंट. बघायला आलेले लोक म्हणायचे, शोरूममधली वाटते.

पौर्णिमेला दुपारी भरती होती. निम्मं गाव काठावर. बेंजोवाले आले होते, निलेशने त्यांना नवे शर्ट दिले होते. सोनेरी कागद लावलेला नारळ पाण्यात पडला, वहिनींनी होडीला ओवाळलं, लोकांनी मोबाइल वर धरले. गजा होडीत चढला. एकट्याने शीड आणि सुकाणू दोन्ही होणार नव्हतं. त्याने काठावर नजर फिरवली, पण तोंडाने कुणाला ये म्हणाला नाही. पांडूने चप्पल काढली, बाजूला पडलेला तेलाचा रिकामा डबा उचलला आणि आत जाऊन बसला. तो डबा गजाने पाहिला. काय तो समजला, आणि तोंड फिरवून त्याने दोर ओढला.

शीड फुगलं. होडी हलली आणि काठापासून सुटली. मी आयुष्यात टाळ्या क्वचित वाजवतो, त्या दिवशी वाजवल्या. चार-पाच होड्यांच्या लांबीएवढं अंतर गेलं असेल. मग पांडूने शिडाचा दोर बांधून टाकला, खाली वाकला आणि डब्याने पाणी उपसायला लागला. आधी हळू, मग भराभर. एका ठिकाणी नाही, तळाच्या एकूण एक फटीतून पाणी येत होतं. गजा खाली बघतच नव्हता. समोर पलीकडचा काठ, नजर तिथे, हात सुकाणूवर. पांडू ओरडत होता, “दादा, फिरव! काठाला घे!” गजाने फिरवली नाही. होडी सावकाश, सरळ खाली बसली. तिथे पाणी छातीएवढंच होतं, म्हणून दोघे वाचले. वर मात्र ते पांढरं शीड ताठ उभं, वाऱ्याने गच्च फुगलेलं, जणू काही झालंच नाही. लोक हसले. मोबाइल कुणी खाली केला नाही. बेंजोवाल्यांना काय झालं ते मागून दिसत नव्हतं, ते वाजवतच राहिले.

निलेश अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरला, बापाचा दंड धरला आणि फार प्रेमाने म्हणाला, “अप्पा, आथा पुरं झालं ना?” तो वाईट मुलगा असता तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

ओहोटीला होडी ओढून काढली. गर्दी पांगली होती. गजा ओल्या कपड्यांनी तळाशी उकिडवा बसला, लांबी टोकरली आणि एका फटीतून धागा ओढून काढला. चिमटीत पिळला. पाणी निघून गेलं आणि धागा जसा ठोकला होता तसा बारीकच्या बारीक. हजारो मीटर सूत बोटांतून गेलेला माणूस तो. त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. त्याने मान वर करून पांडूकडे बघितलं आणि म्हणाला, “तुला म्हाईत व्हतं, तर तू मना सांगितलं का न्हाईस?”

मी तिथेच होतो. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. आता पांडू याच्या थोबाडीत मारणार, आणि मारलीच पाहिजे, असं मला वाटलं. पांडूच्या हातात अजून तो तेलाचा डबा होता. त्याने तो खाली ठेवला.

“चुकलं, दादा,” तो म्हणाला.

मला त्या दोघांचाही राग आला, आजही येतो. एकाला हरता आलं नाही आणि दुसऱ्याला जिंकता आलं नाही. वहिनी लांब उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला होता. फटींत कापूस असता तर कदाचित होडी थोडी गळली असती आणि मग धरली असती. तो खाडी ओलांडून आला असता, नसताही आला. पण तो पाण्यात हरला असता. इथे तो स्वतःच्या गोणीतल्या कचऱ्याने हरला, आणि तेही भावावर ढकललं.

शब्दाला मात्र जागला, हे म्हटलं पाहिजे. गणपतीच्या आत सही केली. गोडाऊन उभं राहिलं. ट्रक फिरायला अडचण नको म्हणून काठाची तिवरं गेली. गजा कारखान्यात जायला लागला, पण कुणाच्या कपड्याचा धागा ओढेना. ओरडणं बंद झालं. शेजारच्या घरातून गजाचा आवाज येत नाही, याची सवय व्हायला मला फार दिवस लागले. पांडूला तो आता पांडुशेठ म्हणून चिडवत नसे. त्याच्याशी बोलतच नसे. मी एकदा म्हणालो, “गजा, त्याच्याशी बोल. एक शब्द बोल.” तो म्हणाला, “काय बोलू?” खरोखरच विचारत होता.

मागच्या आठवड्यात तो झोपेत गेला. खांदा द्यायला पांडू पुढे होता. मी त्याला नीट असा शेवटचा पाहिला तो दोनेक महिन्यांपूर्वी, निलेशच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला. टेमघरच्या बाजूला एका हॉलच्या लॉनवर दुपारचं जेवण होतं. आत शिरलो तर समोर ती होडी. निलेशने बापावरच्या प्रेमापोटी ती टाकून दिली नव्हती. आतून-बाहेरून फायबर मारून घेतलं होतं, डोलकाठीला फुगे बांधले होते आणि पोटात बर्फ भरून थंड पेयांच्या बाटल्या रचल्या होत्या. पाहुणे रांग लावून एकेक बाटली घेत होते. “अप्पांची आठवन म्हनून ठेवली, काका,” निलेश मला म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरून आले होते.

गजा होडीच्या पलीकडच्या अंगाला होता. नवा सफारी, पायात नवे बूट. तो गुडघ्यावर बसला होता आणि तळाखाली हात घालून फळीमागून फळी चाचपत पुढे सरकत होता. मला बघून त्याने ओंजळ वर केली, कोरडी ठाक.

“मास्तर,” तो हळू आवाजात म्हणाला, “बग ना. थेंब बी गलत न्हाय.”

मी काही बोलणार, तेवढ्यात केटररचा माणूस बर्फाची गोणी घेऊन आला. म्हाताऱ्याला वाट अडवून बसलेला बघून तो वैतागला. “अंकल, ठंडा चाहिए तो लाइन में आइए ना. सब खड़े हैं.”

सगळं गाव विरोधात असताना न हललेला हा माणूस. मला वाटलं, आता ओरडेल, आता सगळं लॉन ऐकेल. गजाने होडीच्या काठाला धरून स्वतःला उभं केलं, सफारीचे गुडघे झटकले, ‘सॉरी’ म्हणाला आणि मागे जाऊन रांगेत उभा राहिला.